हार्ड डिस्क उडाली सांगून बाबांकडून हजारो रुपये काढले, डिस्क मात्र ठणठणीत होती

माझे बाबा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे खजिनदार आहेत, रिटायर झाल्यापासून सगळा हिशोब तेच बघतात. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, मेंटेनन्सची बिलं, मेंबर्सचे कागद स्कॅन केलेले, सगळं त्यांच्या २०१७ च्या लॅपटॉपवर. आता ज्यांनी सोसायटीचं काम केलंय त्यांना माहितीये की एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि नोटीस १४ दिवस आधी जायला हवी. नोटीस काढायची वेळ आली आणि लॅपटॉप बंद पडला. लाईट नाही, पंख्याचा आवाज नाही, चार्जर लावून ठेवला तरी काहीच नाही. मी पुण्यात, त्यामुळे बाबा एकटेच स्टेशनजवळच्या एका दुकानात घेऊन गेले. त्या माणसाने मशीन आत नेलं, दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, "काका, हार्ड डिस्क क्रॅश झालीये म्हणून लॅपटॉप डेड आहे. आतल्या प्लेटवर स्क्रॅच आहेत, डेटा वाचणारं हेड बदलावं लागेल, ते धूळ नसलेल्या क्लीन रूममध्येच होतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला लॅबमध्ये पाठवतो." खर्च १८,००० सांगितला, ८,००० ॲडव्हान्स जीपेवर घेतले. बाबांनी पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डच्या मागे रक्कम लिहून दिली.

इथेच पहिलं खोटं आहे आणि ते प्रत्येकाला माहीत असायला हवं. हार्ड डिस्क गेली म्हणून सहसा लॅपटॉपचा लाईट बंद होत नाही. डिस्क पूर्ण मेलेली असली, अगदी काढून बाजूला ठेवली, तरी बटण दाबल्यावर पंखा फिरतो, कंपनीचा लोगो येतो आणि मग डिस्क सापडत नाही असा मेसेज येतो. लाईटच लागत नसेल तर आधी संशय चार्जर, पॉवर जॅक, बॅटरी नाहीतर मदरबोर्डवर घ्यायचा, आणि अशा वेळी डिस्क बहुतेकदा जशीच्या तशी शाबूत असते. घरातली वीज गेली म्हणून कपाटातले दागिने चोरीला गेले असं कोणी म्हणत नाही ना, तसंच आहे हे.

पुढे फोन आला की काका डेटा बराचसा आलाय पण टॅलीची फाईल वेगळ्या प्रकारची असते, तिचे ७,००० एक्स्ट्रा, आज हो म्हणालात तरच, नाहीतर लॅबवाले डिस्क पुसून टाकतील. बाबांची झोप उडाली, आईने मला फोन केला. मी शनिवारी सकाळी गेलो आणि सरळ सांगितलं की आम्हाला रिकव्हरी नको, आमची डिस्क आहे तशी परत द्या. आधी ती लॅबमध्ये आहे म्हणाला, मी लॅबचा पत्ता द्या, मी स्वतः जातो म्हटल्यावर काउंटरच्या खालच्या खणातून काढून दिली. लॅमिंग्टन रोडचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं.

घरी आणून नीट बघितली. अडीच इंची सगळ्यात कॉमन साटा डिस्क, १ टीबीची. हेड बदलायचं तर वरचं झाकण उघडावंच लागतं, त्याचा एखादा स्क्रू लेबलखाली लपलेला असतो, त्यामुळे उघडली की लेबल फाटतं किंवा त्याला भोक पडतं. आमच्या डिस्कचं लेबल कोरं करकरीत, स्टिकरचा कोपराही उचललेला नाही. मग बाजारातून साटा टू यूएसबी केबल आणली, साडेचारशे रुपये, आणि नव्या कॉम्प्युटरला लावली. डिस्क लगेच दिसली. यूजर्सच्या फोल्डरवर परमिशन नाही असा बॉक्स आला, कंटिन्यू दाबलं, थोडा वेळ हिरवी पट्टी सरकत राहिली आणि बाबांचं सगळं समोर. टॅलीचा डेटा फोल्डर कॉपी केला, नव्या टॅलीत त्याचा पाथ दिला, कंपनी उघडली, मार्चपर्यंतच्या सगळ्या एन्ट्री जागेवर. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर चालवलं तर हेल्थ गुड, एकही खराब सेक्टर नाही. प्लेटवर स्क्रॅच म्हणे!

मला पैशापेक्षा जास्त राग याचा आहे की त्या डिस्कवर मेंबर्सचे पॅन, आधार, सोसायटीची बँक स्टेटमेंट होती आणि ती इतके दिवस एका उघड्या खणात पडून होती. कोणी कॉपी केलं का ते कळायचा मार्ग नाही. आम्ही ब्राउझरमध्ये सेव्ह असलेले सगळे पासवर्ड त्याच रात्री बदलले आणि बाबांनी कमिटीला स्वतःहून सगळं सांगितलं.

केबल लावताना एक सांभाळा, विंडोज कधीकधी डिस्क फॉरमॅट किंवा इनिशियलाइझ करायची का विचारतं, तिथे कॅन्सलच करायचं. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कऐवजी छोटी एम डॉट टू पट्टी असते, तिला ही केबल चालत नाही, तिचं वेगळं एन्क्लोजर मिळतं, आणि काही मॉडेल्समध्ये तर स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, ते असं निघत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन केल्यावर सापडते. आणि डिस्कमधून खरंच टक टक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका, तिथे चांगल्या लॅबचीच गरज असते, खर्चही खरा असतो. पण देण्याआधी लेबलवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा आणि बिल घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

८,००० पैकी त्याने ३,००० परत केले, बाकीचे "तपासणी फी" म्हणून ठेवले. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीये, जीपेचा स्क्रीनशॉट, कार्डच्या मागच्या अक्षराचा फोटो आणि डिस्कच्या हेल्थचा स्क्रीनशॉट जोडून. तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. एजीएमची नोटीस वेळेत निघाली.