आरागिरणीच्या तुकड्यांच्या नावाखाली ओले लाकूड

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या भागात दिवाळी सरली की पहाटे हुडहुडी भरते आणि घरोघरी बंबासाठी, चुलीसाठी व संध्याकाळच्या गोरसीसाठी (शेकायच्या मातीच्या शेगडीसाठी) इंधन साठवणे सुरू होते. नेमक्या याच दिवसांत ट्रॉली घेऊन फिरणाऱ्या एका विक्रेत्याने आमच्यासह मोहल्ल्यातल्या अनेक घरांना फसवले. तो अजूनही गावोगाव फिरतो आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आरागिरणीत चौकटी आणि पाट्या कापून उरलेले लहानमोठे, वेडेवाकडे तुकडे हे खरोखर उत्तम इंधन आहे. बंबाच्या नळीत लांब लाकूड मावत नाही, वीतभर तुकडा मात्र सरळ आत जातो; ढलप्या विस्तव पेटवायला लागतात आणि जाड गाठीचे ठोकळे चुलीत बराच वेळ टिकतात. "काकाजी, गिरणीचा माल आहे जी, खडखडीत वाळलेला," असे सांगून त्याने वरचे सागाचे कोरडे तुकडे हातात दिले. भाव क्विंटलवर ठरला, धर्मकाट्याची, म्हणजे भरलेल्या गाड्यांचे वजन करणाऱ्या काट्याची, चिठ्ठी त्याने दाखवली आणि सांदवाडीत (घरामागच्या परसात) ट्रॉली उलटवून, पैसे घेऊन तो निघून गेला.

ढीग रचायला घेतल्यावर खालचा माल उघडा पडला. बाभूळ आणि सुबाभळीचे ताजे तोडलेले तुकडे होते, ज्यांची साल नखाने सुटत होती आणि कापलेल्या टोकांना एकही भेग नव्हती. मधूनमधून प्लायवुडच्या पट्ट्या आणि जुन्या दारांचे रंगवलेले तुकडे होते. बंबात घातल्यावर लाकडाच्या टोकांतून फेस येई, घरभर धूर होई आणि पाणी कोमटच राही.

ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकते, म्हणजे क्विंटलच्या भावाने आम्ही पाणी विकत घेतले. शिवाय एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता खर्च होते, ती त्याच लाकडाच्या जाळातून जाते. ओला माल विटांवर, हवा खेळेल असा रचून पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवता येतो. प्लायवुड आणि रंगीत लाकूड मात्र कधीच जाळू नये. प्लायवुडच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइडचा विषारी वायू निघतो, जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि आपल्याकडे चुलीची राख भांडी घासायला वापरतात, हे मला सर्वांत घातक वाटते.

तेव्हा ट्रॉली रिकामी होण्याआधी तळातले तुकडे काढायला लावावेत आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावेत. वाळलेले लाकूड खणखणीत वाजते, ओल्याचा आवाज बद्द येतो. धर्मकाट्यावर स्वतः सोबत जावे आणि रिकाम्या ट्रॉलीचेही वजन करून घ्यावे, कारण भरलेल्या ट्रॉलीच्या एका चिठ्ठीवरून मालाचे वजन कळत नाही. माल सागाचा म्हणत असेल तर गिरणीचे बिल आणि वाहतूक परवाना मागावा. लाकडाच्या वाहतुकीवर नियंत्रणाची तरतूद भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 41 मध्ये आहे. बिल हाती असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नीट तक्रार मांडता येते. आमच्या मोहल्ल्यात एकाही घराला त्याने बिल दिलेले नाही.