१५०-६०० झूम: दसरा ते पोळा

ही १५०-६०० मिमीची झूम लेन्स गेल्या दसऱ्याला घेतली, आता पोळा आला. क्रॉप सेन्सरवर (म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ६०० मिमीची ९०० इतकी जवळ आणते, हे दुकानदाराने तीनदा सांगितलं. ती दोन किलोची आहे, हे एकदाही नाही.

सुरुवात पुण्याजवळच्या कवडीपाटला. मुळा-मुठेच्या फेसातून चक्रवाक पोहत होते. नाक मुठीत धरून काढलेले ते फोटो झकास आले. मग सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलो. अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा हमखास दिसतो. जानेवारीत त्याच्या पापण्या मोजता येत होत्या. मार्चमध्ये तोच चिंकारा पाण्यातून पाहिल्यासारखा! लेन्स बिघडली म्हणून दुरुस्तीला टाकली. पंधरा दिवसांनी 'काही दोष नाही' असं सांगून तपासणीचे पैसे मात्र घेतले.

दोष हवेत होता. ऊन चढलं की माळ तापतो, वरची हवा थरथरते आणि ६०० ला दीडशे मीटरवरचं जनावर टिपताना ती सगळी थरथर फोटोत उतरते. खात्री करायला एकच बाभूळ सात वाजता आणि अकरा वाजता टिपली. सातच्या फोटोत काटे दिसतात, अकराच्या फोटोत नुसता हिरवा डाग. तेव्हापासून उन्हाळ्यात नऊला कॅमेरा बॅगेत.

भिगवणला होडीत ट्रायपॉड नेऊ नका, इंजिनाचा सगळा हादरा त्यातून वर येतो. आईने जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून त्यात वाटाणे भरून दिले, होडीच्या काठावर ती ठेवायची, वर लेन्स टेकवायची आणि नावाड्याला म्हणायचं, "मामा, इंजिन बंद करा, बांबूनं घ्या." उडतानाचा फोटो हवा म्हणून रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात होडी घालायला लावणारे महाभाग असतात. त्यांच्या होडीत बसू नका.

भीमाशंकरला या लेन्सने हात टेकले. ६०० ला लेन्सचं छिद्र एफ ६.३ पेक्षा मोठं उघडत नाही, वर गच्च झाडोरा; आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० करूनही शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या पुढे जाईना. शेकरूचे तीसेक फोटो काढले, त्यातल्या दोनांत तोंड आहे, बाकी शेपट्या.

निसर्गदृश्यांसाठी ही लेन्स कोणी सुचवत नाही, पण सिंहगडावरून पहाटे १५० वर राजगड-तोरण्याकडच्या डोंगररांगा एकीमागे एक अशा चिकटून येतात की वाइड लेन्स घरीच राहते.

पावसाळ्यात बुरशीची धास्ती, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो; आर्द्रता ४०-५० टक्के. घ्यायची असेल तर आधी एक शनिवार-रविवार भाड्याने आणा आणि दोन तास हातात धरून उभे राहा.