चिपळूणच्या घराचं सुतारकाम: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आमच्या चिपळूणच्या घराचं सुतारकाम इथल्याच एका सुतारकाकांकडून करून घेतलं, आता त्यावरून पूर्ण पावसाळा गेलाय म्हणून लिहायला बसले. मे महिन्यात सगळीच दारं मस्त लागतात हो, पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे कोकणात सुताराबद्दल बोलायचं तर दसऱ्यानंतरच बोलावं.

काम काय होतं तर पुढचं जुनं सागवानी दार, किचन ओट्याखालची कपाटं, माळ्याची आणि एका उंच कपाटाची दारं, शिवाय खिडक्यांच्या बिजागऱ्या कड्या वगैरे किरकोळ.

आधी दाराचं सांगते. झड लागून लागून त्याचा खालचा भाग कुजला होता, आणि दोघातिघांनी सांगितलं होतं की काढून टाका, फ्लश डोअर बसवा, झंझट संपली. काकांनी पटाशीच्या टोकाने सगळं दार टोचून बघितलं, खाली भुसभुशीत पण वर एकदम टणक, म्हणाले वहिनी हे लाकूड आता असं मिळायचं नाही, खालची पट्टी तेवढी बदलू. जुन्या सागाचाच तुकडा शोधून आणला, कुसू (म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत घट्ट बसणारी जीभ) काढून सांधा केला, नुसते खिळे मारून मोकळे झाले नाहीत. आणि जे काम बरेच सुतार करतच नाहीत ते केलं, म्हणजे दार उतरवलेलं असतानाच खालच्या आणि वरच्या कडेला काजूच्या टरफलाचं तेल दोनदा लावून चांगलं सुकू दिलं. होड्यांना लावतात तेच तेल, हाताला लागलं तर भाजतं म्हणून पोरांना लांब ठेवायला लागलं. पाणी सगळ्यात जास्त शिरतं ते उभ्या फळ्यांच्या कापलेल्या टोकांतून, आणि नेमक्या त्याच कडा रंगारी सोडून देतात कारण त्या दिसत नाहीत.

जुलैत दार कडीच्या बाजूला घट्ट झालंच. काकांना बोलावलं, मला वाटलं रंधा मारतील, पण त्यांनी पेन्सिलने खूण केली आणि थांबायला सांगितलं. लाकूड रुंदीत फुगतं, उंचीत जवळजवळ नाही, आणि भर पावसात घासलं तर थंडीत आकसून फट पडते मग दार खडखडत राहतं. आता ऑक्टोबरात दार आपोआप मोकळं झालंय, खूण केलेल्या जागी रंध्याचा हलका हात मारायचाय बस्स. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना कितीही मार्क देईन, कारण तेव्हा रंधा मारून मजुरी घेणं त्यांना सहज जमलं असतं.

आता किचन. आमचं घर बाजाराच्या बाजूला, २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी घरात होतं आणि आधीची पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळ्यांची) कपाटं अक्षरशः फुगून फुटली होती. शहरातल्या एका मॉड्युलरवाल्याचं कोटेशन आणलं होतं तर त्यात परत तोच बोर्ड. काकांनी वेगळंच सुचवलं: आतले उभे-आडवे कप्पे कडप्प्याचे करायचे, लाकूड फक्त दारांपुरतं. दारांना १८ एमएमचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, घेतला, दुकानात शीटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ७१० हा मरीन प्लायचा नंबर बघूनच. आयएस ३०३ म्हणजे घरातल्या साध्या वापराचा प्लाय, त्यातही एमआर (दमटपणाला टिकणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) असे दोन ग्रेड येतात, दुकानदार नुसतं वॉटरप्रूफ आहे म्हणाला तर शिक्का दाखवायला सांगा. सनमायका दोन्ही बाजूंनी लावला, एकाच बाजूला लावला की दार वाकतं. आणि बिजागऱ्या क्लिपवाल्या, म्हणजे खटका दाबला की दार हातात. पाणी भरायला लागलं तर सगळी दारं काढून वर माळ्यावर नेता येतील, सासूबाईंनाही जमतं, करून बघितलंय आम्ही. पूर बघितलेल्या माणसाला हे सुचतं, कॅटलॉगमध्ये हे नसतं.

सिंकखालचं दार रोज ओलं होऊनही कुठे उचललं गेलं नाहीये, प्लायच्या कडा झाकायला सागाची बारीक पट्टी (लिपिंग) लावलीय म्हणूनही असेल.

न आवडलेलं पण लिहायला पाहिजे. उंच कपाटाच्या एका दाराला पीळ पडलाय, वर नीट बसतं आणि खाली थोडं बाहेर राहतं. काकांनी मधे एक जादा बिजागरी टाकली, फरक पडला पण पूर्ण गेलं नाही. एवढं लांब दार एका पल्ल्यात करायलाच नको होतं, मधे तोडून दोन करायला हवी होती असं माझं मत, आणि तेही आता मान्य करतात. ड्रॉवरचे चॅनेल त्यांनी स्वस्तातले आणले होते, ऑगस्टमध्ये गंजून अडकायला लागले, बदलून दिले आणि मजुरी घेतली नाही, पण आधीच चांगले बॉल बेअरिंगचे घेता आले असते. वेळेचं म्हणाल तर शिमग्यात माणूस सापडत नाही, भातलावणीत नाही, गणपतीत तर फोनच करू नका. ज्यांना तारखेवर काम हवंय, मुंबईहून चार दिवस रजा काढून येऊन उरकायचंय, त्यांना ह्या पद्धतीचा फार त्रास होईल.

पैशाचं असं केलं की दाराची दुरुस्ती रोजावर, कारण आत किती कुजलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि किचनचं उक्तं, म्हणजे सगळ्या कामाची मिळून एकच मजुरी ठरवून. माल आम्हीच आणला, बिलं आमच्या नावावर. काका कागदावर काही लिहून देत नाहीत, म्हणून मापं, प्लायचा नंबर, बिजागरीचा प्रकार आणि ठरलेली मजुरी मीच वहीत लिहून त्यांना वाचून दाखवली, वाद एकदाही झाला नाही. पैसे तीन टप्प्यांत दिले, शेवटचा टप्पा दारं लागल्यावर.

जिन्याचा लाकडी कठडा पण त्यांनाच सांगितलाय, दिवाळी झाली की सुरू करतील. किंजळ (हे इकडचंच एक लाकूड) घ्यायचं की साग ते अजून ठरत नाहीये, काका किंजळ म्हणतायत कारण कठडा आतल्या बाजूला आहे आणि सागाच्या मानाने खर्च बराच कमी येईल.