पंचांगाशेजारी मामारी: रापा नुईची चांद्र दिनदर्शिका काही महिने वापरल्यावर

मामारी ही रापा नुई बेटावरची, खुणा कोरलेली लाकडी फळी. तिच्यावरच्या चार ओळींतली चांद्र दिनदर्शिका मी गेले काही महिने रोज वापरतोय. रात्री गच्चीत जायचं, चंद्र बघायचा, रापा नुईच्या यादीतली आज कोणती रात्र ते ठरवायचं आणि पंचांगातली तिथी शेजारी लिहायची, असा क्रम. तिच्यावरच्या रोंगोरोंगो या अजून न उलगडलेल्या लिपीचं नाव निघालं की लोक लगेच गूढाकडे वळतात, आणि या चार ओळींची खरी हुशारी बाजूला राहते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रापा नुई म्हणजे ईस्टर बेट, चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर. १८६४ मध्ये युजीन एरो हा फ्रेंच धर्मबंधू तिथे पोचला, तेव्हा घराघरांत कोरलेल्या लाकडी फळ्या होत्या. आज जगभरातल्या मिळून जेमतेम दोन डझन वस्तू उरल्यात आणि बेटावर त्यातली एकही नाही. १८६२-६३ मध्ये पेरूची जहाजं माणसं पकडून घेऊन गेली, पाठोपाठ देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं राहिली होती. लिपी जाणणारे त्यातच संपले. फळीकडे बघताना हे विसरता येत नाही.

मामारी सध्या रोममध्ये आहे. साधारण २९ सेंटीमीटर लांब, अंडाकृती, दोन्ही बाजूंनी मिळून हजाराच्या आसपास खुणा. लाकूड आपल्या ओळखीचं निघालं: कोकणकिनाऱ्यावर दिसते ती रानभेंडी. टोमास बार्टेल या जर्मन अभ्यासकाने १९५८ मध्ये सगळ्या फळ्यांना अक्षरं आणि सगळ्या खुणांना आकडे दिले. त्याच्या यादीत मामारी ‘सी’ आहे, पक्षी ६०० च्या घरात येतात आणि मासे ७०० च्या. पहिल्या बाजूच्या सहाव्या ते नवव्या ओळीत चंद्रकोरींची रांग आहे आणि ती महिन्याची मोजणी आहे, हे त्यानेच ओळखलं. १९९० मध्ये जाक गी या भाषाशास्त्रज्ञाने तिची रचना उलगडून दाखवली. मी वापरतो ती हीच मांडणी.

वापरायला लागतं काय? त्या चार ओळींच्या रेखाटनाची छापील प्रत, आणि रात्रींच्या नावांची यादी. ही नावं बेटावरच्या लोकांकडून तिथे आलेल्या टॉमसनने १८८६ मध्ये आणि मेट्रो, एंगलर्ट या अभ्यासकांनी पुढे १९३० च्या दशकापासून लिहून घेतली. प्रत कागदावरच हवी, मोबाइलवर जमत नाही. या लिपीत एक ओळ डावीकडून उजवीकडे संपली की फळी उलटी फिरवायची आणि पुढची ओळ वाचायची. मोबाइल फिरवला की चित्रही फिरून पुन्हा सरळ होतं. कागद फिरवत गेलं की दोन-चार रात्रींत हात बसतो.

मूळ रात्री २८. अता, अरी, मग कोकोरे ताही, रुआ, तोरू, हा, रिमा, ओनो, म्हणजे कोकोरे एक ते सहा. पुढे महारू, हुआ, आतुआ, मौरे, इना-इरा, राकाऊ आणि पौर्णिमेची ओमोतोही. मग पुन्हा कोकोरे, यावेळी पाचच. त्यानंतर तापुमे, मातुआ असं करत तिरेओपर्यंत. फळीवर हा महिना आठ टप्प्यांत तोडलाय. प्रत्येक टप्प्याच्या आधी खुणांची एक ठरलेली मालिका येते आणि तिच्या शेवटी दोरीला लावलेला मासा असतो. पौर्णिमेआधीच्या चार मालिकांत माशाचं तोंड वर, नंतरच्या चारांत खाली.

हा मासा मला या सगळ्यातला सर्वांत उपयोगी भाग वाटला. नुसतं ‘कोकोरे तोरू’ म्हटलं तर महिन्यात अशा रात्री दोन. आपल्याकडे नुसतं ‘पंचमी’ म्हणून भागत नाही, शुद्ध की वद्य ते सांगावंच लागतं. इथे ते काम मासा करतो. कागदावर बोट ठेवलं की चंद्र वाढता की उतरता, हे न वाचताच कळतं. पौर्णिमेच्या खुणेत एक बसलेली आकृती आहे. बेटावरच्या कथेत चंद्रावर बसून भट्टी पेटवणारी एक म्हातारी आहे, ती हीच, असं मानतात.

आता हिशेब. चंद्राचा फेरा २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांचा, त्यामुळे २८ नावं पुरत नाहीत. दर महिन्याला एक किंवा दोन रात्री वाढवाव्याच लागतात. त्यासाठी दोन राखीव रात्री आहेत: आतुआनंतर होतू आणि महिन्याच्या शेवटी हिरो. गी यांच्या मते फळीवरच्या या ओळी म्हणजे नुसती यादी नाही. एक रात्र घालायची की दोन, आणि एकच असेल तर पौर्णिमेच्या आधी की नंतर, याचा तो नियम आहे. मी आतुआच्या रात्री चंद्र नीट बघतो. तो पौर्णिमेपासून अजून बराच मागे वाटला तर होतू घालतो. ही माझी सोय आहे, फळीचा नियम म्हणून सांगत नाही. पंचांगात तिथीचा क्षय आणि वृद्धी गणिताने निघते. इथे डोळ्यांनी ठरवावं लागतं, आणि त्यामुळे चंद्राकडे बघायची सवय फार चांगली लागते.

ढगाळ रात्री कोकोरेचं महत्त्व पटतं. चंद्र दिसत नसला तरी आकडे पुढे सरकवता येतात. नावाच्या रात्री महिन्याच्या मोक्याच्या जागी आणि मधल्या रात्री नुसत्या मोजायच्या, अशी ही व्यवस्था आहे. म्हणूनच सहा आणि पाच या आकड्यांत विश्वाचं रहस्य शोधणाऱ्यांशी माझं जमत नाही. हवाईतही ‘ओले कू काही, ओले कू लुआ’ अशा मोजलेल्या रात्री आहेत, आणि तिथेही हुआ, आकुआ, होकू अशी नावं ओळीने येतात. कोण्या एका कोरणाऱ्याच्या डोक्यातून निघालेली ही रचना नव्हे. हजारो मैल होड्यांतून गेलेल्या लोकांनी सोबत नेलेली ही मोजणी आहे. मला हे कुठल्याही गूढापेक्षा मोठं वाटतं.

संख्यांच्या अर्थाबद्दल सावध राहायला आणखी एक कारण आहे. बार्टेलच्या यादीत सुमारे ६०० खुणा, तर कोन्स्तान्तिन आणि इगोर पोझ्द्न्याकोव्ह या अभ्यासकांनी २००७ मध्ये मूळ खुणा ५२ वर आणल्या. कोणती खूण एक धरायची यावरच एकमत नसेल, तर ‘या ओळीत अमुक इतक्या खुणा’ म्हणून काढलेला अर्थ कशावर उभा राहणार? सांतियागोची काठी म्हणजे याच लिपीत कोरलेली एक काठी; तिच्यावर तीन-तीन खुणांचा नमुना दाखवून स्टीव्हन फिशर या अभ्यासकाने १९९५ मध्ये सृष्टीच्या उत्पत्तीची कथा वाचली, ती बऱ्याच अभ्यासकांनी मान्य केलेली नाही. आपल्याकडे अजून फिरणारा दावा हेवेशी नावाच्या अभ्यासकाचा, १९३२ मधला: ही लिपी आणि सिंधू लिपी एकच. मोहेंजोदडो आणि रापा नुई पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना, मध्ये हजारो वर्षं. दिसायला सारख्या खुणा निवडून शेजारी मांडल्या की झालं, याला पुरावा म्हणत नाहीत. मामारीचं वाचन टिकतं, कारण त्याच्या पाठीशी बेटावरच्या माणसांनी स्वतः सांगितलेली नावं आहेत.

जुनेपणाबद्दल लोक विचारतात. सिल्व्हिया फेरारा या संशोधिकेच्या गटाने २०२४ मध्ये रोममधल्या चार फळ्यांच्या लाकडाचं वय प्रसिद्ध केलं. एकीचं लाकूड १४९३ ते १५०९ या काळातलं निघालं, म्हणजे १७२२ मध्ये युरोपीय तिथे पोचण्याच्या दोनशे वर्षं आधीचं. उरलेल्या तीन, मामारीसह, एकोणिसाव्या शतकातल्या. झाड कधी तोडलं एवढंच यातून कळतं. मोजणी त्याहून किती तरी जुनी असणार, हे हवाईची नावं सांगतातच.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. रापा नुई दक्षिण गोलार्धात, २७ अंशांवर. तिथे उत्तरेकडे तोंड करून बघितलं तर वाढत्या चंद्राची उजळ बाजू डावीकडे येते. आपण दक्षिणेकडे तोंड करून बघतो तेव्हा ती उजवीकडे. त्यामुळे फळीवरच्या कोरींची दिशा इथल्या आकाशाशी जुळवायला जाऊ नका. रात्रींचा क्रम मात्र दोन्हीकडे सारखाच चालतो.

सुरुवात करणाऱ्यांनी अमावास्येपासून करू नये. पहिली कोर कधी संध्याकाळच्या धुरकटात हरवते आणि मग अता की अरी, यावरच घोळ होतो. पौर्णिमा धरा, तिला ओमोतोही म्हणा, आणि दुसऱ्या रात्रीपासून कोकोरे ताही मोजायला लागा.