विंड टनेल: पंखा पुढे लावायचा की मागे?

विंड टनेल म्हणजे मॉडेलवरून हवा सोडून तिचा परिणाम बघायची लांब पेटी. घरी करायची तर पुठ्ठा कापण्याआधी हे ठरवा: पंखा तोंडाशी लावून हवा आत ढकलायची, की शेपटाशी लावून ओढून घ्यायची?

ढकलणारी रचना कमअस्सल मुळीच नाही. राइट बंधूंनी १९०१ मध्ये अमेरिकेतल्या डेटनला केलेल्या सहा फुटी पेटीचा पंखा तोंडाशीच होता. अडचण एवढीच, की पाती हवेला पुढे लोटताना पीळही देतात, आणि तशी हवा मॉडेलवर आली की बल दोन्ही बाजूंना सारखं पडत नाही. त्यावर स्ट्रॉची जाळी लागतेच. ६ मिलिमीटरच्या स्ट्रॉचे ४-५ सेंटीमीटरचे तुकडे शेजारी शेजारी चिकटवले की पीळ मोडतो, पण बारीक खळबळ उरते. त्यासाठी पुढे मच्छरदाणीचं कापड ताणा.

ओढणाऱ्या रचनेत पीळ मॉडेलच्या मागे राहतो. खोलीतली शांत हवा नरसाळ्यातून शिरते. हवेच्या वाटेचा छेद निम्मा झाला की वेग दुप्पट. उदबत्तीचा धूर तोंडाशी धरला की मॉडेलवरून सरळ रेघ जाते. (वेग वाढवलात की ती विरते.) जाळी इथेही लावाच, पण ती कमी-जास्त झाली तरी खपून जातं.

आता उचल, म्हणजे पंखाला वर ढकलणारं बल, मोजायचा वजनकाटा. १५ बाय १० सेंटीमीटरचा पंख, वेग सेकंदाला ५ मीटर, वाऱ्याशी पंखाचा कोन बरा असेल तर उचल साधारण १८ ग्रॅम वजनाइतकी. वेग दुप्पट केला तर चौपट, म्हणजे सत्तरीच्या वर. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालतो. पण मॉडेलची दांडी तळातल्या भोकातून काट्यावर उतरते, आणि ओढणाऱ्या टनेलमध्ये आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. ५ मीटरच्या वेगाला फरक जेमतेम दीड मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका, तरी भोकातून हवा जवळपास टनेलमधल्याच वेगाने वर उसळते आणि खोटी उचल दाखवते. काटाच हवाबंद डब्यात घालून तो डबा तळाला चिकटवा. ढकलणाऱ्या टनेलचं मागचं तोंड उघडं असल्याने तिथे हा त्रास जवळजवळ नाही.

फक्त आकडे हवे असतील आणि चिकटपट्टीचा कंटाळा असेल, तर ढकलणारा करा. प्रदर्शनात धूरही दाखवायचा असेल तर ओढणाराच. माझं मत त्याच बाजूचं. दोन्हींत टेबल फॅन नको, पात्यांभोवती कडं नसल्याने हवा कडेने उलटी फिरते. एग्झॉस्ट फॅन घ्या.