एटीएनएफ पल्सर कॅटलॉग: फुकट आहे, आणि पल्सर कुठे विझतो ते दाखवतो

खगोलशास्त्राची आवड असेल, खास करून बीएस्सी-एमएस्सीला फिजिक्स असेल, तर ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेची ही साइट उघडाच. लॉगिन नाही, पैसे नाहीत, तीन हजारांच्या वर पल्सरचा, म्हणजे गरगर फिरत ठरावीक वेळाने रेडिओ सिग्नल देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा, डेटा थेट समोर. दिसायला एकदम साधी, नुसते चौकोन टिक करायचे: पी झिरो म्हणजे फिरण्याचा काळ, पी वन म्हणजे तो काळ किती वेगाने वाढतोय, बीसर्फ म्हणजे पृष्ठभागावरचं चुंबकीय क्षेत्र. मग टेबल मागा नाहीतर प्लॉट.

मला ही साइट आवडते ती एका गोष्टीसाठी. पल्सरच्या चुंबकीय ध्रुवापाशी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धन भाराचा जुळा) यांच्या जोड्या तयार होतात हे आपण वाचतो, पण त्या होणं बंद पडलं की काय होतं ते इथे आकड्यांत दिसतं. सेकंदाला एक फेरी मारणारा पल्सर घ्या, क्षेत्र एक लाख कोटी गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). त्याची पोलर कॅप, म्हणजे चुंबकीय ध्रुवाभोवतीचा छोटा गोल भाग, जेमतेम दीडशे मीटर त्रिज्येची आणि तेवढ्यात व्होल्टेज सहा लाख कोटी व्होल्टच्या वर! त्यात सापडलेला इलेक्ट्रॉन वाकड्या चुंबकीय रेषेवरून पळताना गॅमा फोटॉन (जबर ऊर्जेचा प्रकाशकण) फेकतो, आणि एकटा फोटॉन एरवी रिकाम्या जागेत जोडी करूच शकत नाही कारण संवेगाचा हिशोब जुळत नाही, पण इथे तो हिशोब चुंबकीय क्षेत्र सांभाळून घेतं. मग त्या जोडीतून परत फोटॉन, परत जोड्या, असं वाढतच जातं. पल्सरचा रेडिओ सिग्नल यायला ह्या जोड्या लागतात ही कल्पना १९७१ ची, स्टरॉक या शास्त्रज्ञाची, १९७५ मध्ये रुडरमन आणि सदरलँड या शास्त्रज्ञांनी ती पुढे नेली.

फिरणं मंदावलं की व्होल्टेज पडतं, जोड्या थांबतात, पल्सर गप्प. प्लॉटमध्ये पी झिरो आडवा, पी वन उभा, दोन्ही लॉग करा आणि उजवीकडे खाली बघा, ठिपके संपत जातात. तीच डेथ लाइन. नेहमीचा ठोकताळा असा: क्षेत्र लाख कोटी गॉसमध्ये घ्या, त्याला काळाच्या वर्गाने भागा, उत्तर ०.१७ च्या खाली आलं तर पल्सर गप्प असायला हवा.

आता नावाच्या खान्यात जे२१४४-३९३३ हा पल्सर टाका. काळ ८.५१ सेकंद, क्षेत्र साधारण २ लाख कोटी गॉस, भागाकार ०.०३ सुद्धा येत नाही, तरी रेडिओत दिसतोय! २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीच्या टीमने जाहीर केलेला जे०९०१-४०४६ बघा, काळ ७५.८८ सेकंद, क्षेत्र १३० लाख कोटी, उत्तर ०.०२३ च्या आसपास. तोही जिवंत.

असं का, तर ह्याचं अर्धं उत्तर बीसर्फच्या कॉलममध्येच आहे आणि नवख्या माणसाने हे नक्की लक्षात ठेवावं. तो आकडा कोणी मोजलेला नाही. पी झिरो आणि पी वनच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेऊन, क्षेत्र साध्या दोन ध्रुवांचं आहे असं धरून काढलेला आहे. जोड्या जिथे होतात तिथे, अगदी पृष्ठभागाला लागून, क्षेत्र जास्त गुंतागुंतीचं आणि जास्त जोरदार असू शकतं, मग जोड्या व्हायला कमी व्होल्टेजही पुरतं. म्हणून बरेच जण आता रेघ न म्हणता डेथ व्हॅली म्हणतात. हे मनात ठेवूनच तो कॉलम वाचा, नाहीतर मोजलेला आकडा समजून पुढे जाल.

आपल्याकडच्यांसाठी अजून एक. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने शोधलेले पल्सरही ह्यात आहेत, जे०५१४-४००२ए शोधून बघा, काळ ५ मिलीसेकंदांच्या जरासा आत. इतका जोरात फिरतो पण क्षेत्र नेहमीच्या पल्सरच्या मानाने फारच कमी, त्याच्यावर वरचा भागाकार करून बघाच.

माझ्याकडून पाचपैकी पाच. प्रोजेक्टसाठी आकडे घेतलेत तर कॅटलॉगचा व्हर्जन नंबर शेजारी लिहून ठेवा, नवीन मोजमापं आली की आकडे बदलतात.