लातूरच्या मे महिन्याला पुरून उरलेले मातीचे शंकू

कुंडीत खुपसायचे भाजक्या मातीचे शंकू आणि त्यांवर उलटी लावायची पाण्याची बाटली, असा संच मी मागवला तो मे महिन्यात पुण्याला लेकीकडे जायचं ठरलं म्हणून. सहा नग, तीनशे रुपयांच्या आत. आमचं घर लातूरला दुसऱ्या मजल्यावर आणि बाल्कनी पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी तीननंतर तिथं उभं राहवत नाही. तरी तिथं मोगरा आहे, जास्वंद आहे, कढीपत्ता आहे आणि सासूबाईंनी लावलेल्या तुळशीच्या मंजिऱ्यांपासून वाढवलेली तुळस आहे. ती वाळली असती तर माझ्या जिवाला लागलं असतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली असते, पण त्यांचे गुडघे दुखतात. रोज बादली उचलायला त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

आधी प्लास्टिकचे खिळे वापरून झाले होते, चकती फिरवून थेंब कमी-जास्त करायचे. रात्री थेंब नीट लावून ठेवावा आणि सकाळी बघावं तर कधी बाटली रिकामी, कधी थेंबच बंद. माती ओली आहे की कोरडी, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. मातीच्या शंकूचं तसं नाही. माठ पाझरतो तसा तो पाझरतो, आणि भोवतालची माती कोरडी पडली की ती पाणी जास्त ओढून घेते. माती ओली असेपर्यंत पाझर मंद राहतो. म्हणजे किती पाणी द्यायचं हे बऱ्याच अंशी कुंडीच ठरवते. रोपाशेजारी मडकं पुरून त्यात पाणी भरायची आपल्याकडची रीत याच तत्त्वावर चालते. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणातही तिचं वर्णन आहे.

आता वापराचं सांगते, कारण संचासोबत आलेल्या चिटोऱ्यावर यातलं काहीच नव्हतं. शंकू आधी रात्रभर पाण्यात भिजवा. पाण्यात सोडले की अंगभर बारीक बुडबुडे येतात. ते थांबले की समजा छिद्रांतली बरीचशी हवा निघाली. कुंडीतली माती आधी तुडुंब भिजवा, खुरप्यानं भोक पाडा आणि मग शंकू बसवा. कोरड्या मातीत दाबला तर टोक तुटतं. शंकूला माती चारी बाजूंनी चिकटलेली हवी. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या कुंडीत ही अडचण येते. ते सुकलं की आक्रसतं, शंकूपासून सुटतं आणि पाझर तिथंच थांबतो. त्यात शेणखत आणि थोडी माती मिसळली की काम होतं.

बाटलीच्या बुडाला, म्हणजे उलटी केल्यावर जो भाग वर येतो तिथं, तापवलेल्या सुईनं भोक पाडाच. नाहीतर पाणी जाताना आत हवा शिरत नाही, पातळ बाटली चेपते आणि पाणी अडून बसतं. निघायच्या आधी बाटलीवर मार्करनं पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती उतरलं ते बघा. माझ्या मोगऱ्याची रेघ तुळशीपेक्षा कितीतरी भराभर खाली गेली, म्हणून त्याला दोन शंकू आणि मोठ्या बाटल्या दिल्या.

पण एवढ्यावर आपला मे महिना निभत नाही. कुंड्या उन्हात ठेवल्या तर कुठलीच बाटली पुरणार नाही. मी सगळ्या कुंड्या बाल्कनीतून आत, खिडकीपासून हातभर लांब, एकमेकींना खेटून ठेवल्या आणि मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या. निम्मं श्रेय या हलवाहलवीला आहे.

पाणी कुठलं भरता यालाही महत्त्व आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. ते भरलं तर शंकूवर क्षाराचा पांढरा थर चढतो, छिद्रं बुजतात आणि पुढच्या खेपेला शंकू पाझरत नाही. व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून, ब्रशनं घासून तो बराचसा निघतो. शक्य असेल तर आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी भरा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना झाडांसाठी चांगलं पाणी वापरा म्हणणं जिवावर येतं, मलाही येतं. पण या पद्धतीत पाणी थेट मुळांशी जातं आणि नळीनं किंवा तांब्यानं घालतो त्यापेक्षा कमी लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कुंडीखालच्या बशा भरून निघून जाण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. मुळं कुजतात, आणि साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतात.

परत आले तेव्हा तुळस हिरवीगार होती. जास्वंदीनं कळ्या गाळल्या, मोगऱ्याची खालची पानं पिवळी पडली, पण दोन्ही झाडं जिवंत. कढीपत्त्याला तर नवी पालवी होती. स्नेक प्लांट आणि कोरफडीला शंकू लावलेच नव्हते. त्यांना दोन-तीन आठवडे पाणी नसलं तरी चालतं, उलट सतत ओल राहिली तर ती कुजतात.

तक्रार एकच. पुठ्ठ्याच्या खोक्यात शंकू नुसते टाकून पाठवले होते, त्यामुळे एकाला तडा गेलेला निघाला. विकणाऱ्यानं बदलून दिला, पण तगादा लावावा लागला. निघायच्या तोंडावर मागवू नका, हाताशी पंधरवडा ठेवा. आणि गच्चीवर मोठ्या ड्रमांत झाडं असतील तर हे शंकू अपुरे पडतील. तिथं कुंभाराकडून आतून-बाहेरून न रंगवलेलं छोटं मडकं आणा, गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा आणि वर झाकणी ठेवा.